जमा कुणाच्या नावावर? रोख पैशाच्या नोंदीची गोष्ट

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून देतोय. बोलताना जिथं अडखळलो ते काढलंय, बाकी तसंच ठेवलंय.

आजचा विषय हिशेबाच्या वह्या. हे ऐकून काही जण लगेच दुसरा भाग लावणार, मला माहितीय. पण दोन मिनिटं द्या. कारण या भागात एक दंगल आहे, एक बारमालक आहे, एक कायदा आहे, आणि माझी एक चूक आहे. चुकीपासूनच सुरू करतो.

माझ्या मामांचं हार्डवेअरचं दुकान आहे, पुणे जिल्ह्यात, दौंडच्या बाजूला. पाइप, पत्रे, ठिबकचं सामान, मोटारीचे पार्ट. गिऱ्हाईक बहुतेक शेतकरी, त्यामुळे उधारी भरपूर. ऊस गेला, कांदा विकला की माणसं येतात आणि रोख पैसे टेबलावर ठेवतात. मामांकडे हिशेबाचं सॉफ्टवेअर आहे, पण संध्याकाळी बसून सगळ्या नोंदी टाकायचा त्यांना प्रचंड कंटाळा. मी इंजिनिअर भाचा. दिवाळीच्या सुट्टीत गेलो आणि म्हटलं, मामा, तुम्ही फक्त फोनमध्ये बोला, नोंद आपोआप होईल.

दोन दिवसांत जमवलं. मामा बोलायचे, "माने, पाच हजार, रोख जमा." बोलण्याचं मजकुरात रूपांतर व्हायचं, तो मजकूर एआय असिस्टंटकडे जायचा, आणि सॉफ्टवेअरमध्ये पावतीचं व्हाउचर तयार. मामा खूश, मी त्याहून खूश.

मार्चमध्ये मामांनी बाकीची यादी काढली आणि एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाला फोन केला. त्यांना आपण आबा म्हणू. "आबा, तुमचे पाच हजार राहिलेत बघा." आबा दुसऱ्या दिवशी दुकानात आले. मी शनिवार-रविवारसाठी तिथंच होतो.

"दिल्यात की मी. हितंच, ह्या टेबलावर. पाचशाच्या धा नोटा."

मामांनी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. "आबा, इथं दिसत नाहीत."

आबा स्क्रीनकडे बघतच नव्हते. ते मामांकडे बघत होते. "तुझ्या वडलांच्या टायमापासनं येतोय मी. आता तुझं मशीन खरं आन् मी खोटा का?"

यावर मामांना काही बोलता येईना. मलाही नाही.

वाचवलं मामींनी. त्यांनी गल्ल्याशेजारची दोनशे पानी वही कधी बंदच केली नव्हती. हातात नोट आली की एक ओळ, बास. त्यात सापडलं: आबा, पाच हजार, तारखेसकट. मग सॉफ्टवेअरमध्ये त्या तारखेला शोधलं. नोंद होती, पण दुसऱ्या मान्यांच्या खात्यावर. ते बांधकामाची कामं घेणारे, त्यांची उधारी मोठी, म्हणून पाच हजार कमी झालेले कुणाच्या लक्षातही आले नव्हते.

चूक कुणाची? असिस्टंटला मी लिहून दिलेल्या सूचना पुन्हा उघडल्या. त्यात माझ्याच शब्दांत होतं: एकापेक्षा जास्त खाती सापडली तर सर्वांत जवळचं निवड, मालकाला पुन्हा पुन्हा प्रश्न विचारू नकोस. त्यानं तेच केलं होतं.

त्या रात्री झोप लागली नाही, म्हणून वाचायला लागलो. रोख पैसे नोंदवताना माणसांनी आजवर काय काय अनुभवलंय? वाचता वाचता कळलं की माझी चूक नवी नव्हतीच. तिचे उपायही जुनेच होते.

नोटेला आठवण नसते

आधी एक साधी गोष्ट. तुम्ही यूपीआयने पैसे पाठवता तेव्हा नोंद तीन-चार ठिकाणी होते. तुमच्या बँकेत, समोरच्याच्या बँकेत, ॲपमध्ये, आणि सगळीकडे तोच व्यवहार क्रमांक. दुकानदारानं चुकीच्या खात्यावर लिहिलं तरी बँकेचं स्टेटमेंट समोर ठेवून चूक पकडता येते.

रोख पैशाचं तसं नाही. नोट या हातातून त्या हातात गेली की मागे काही उरत नाही. कुणी दिली, कशासाठी दिली, हे नोटेवर लिहिलेलं नसतं. म्हणून रोख व्यवहाराचा पुरावा म्हणजे नुसती नोंद, आणि ती नोंद करणारा बहुतेक वेळा पैसे घेणाराच असतो. आजचा सगळा भाग या एका अडचणीबद्दल आहे.

तुम्ही म्हणाल, अहो, पण हिशेब जुळतो की नाही यावरून चूक कळायला हवी ना? मलाही तेच वाटायचं. कॉमर्सच्या मित्रमैत्रिणी हसतील, पण मला हे त्या रात्री समजलं.

दुहेरी नोंदीची पद्धत म्हणजे प्रत्येक व्यवहार दोन ठिकाणी लिहायचा, एकीकडे नावे, दुसरीकडे जमा. लुका पाचोली नावाच्या इटालियन साधूनं १४९४ मध्ये व्हेनिसमध्ये छापलेल्या गणिताच्या ग्रंथात ती सविस्तर मांडली. त्यानं ती शोधली नाही, इटलीतले व्यापारी आधीपासून वापरत होते, पण छापून सगळ्यांसमोर आणली ती त्यानं. आता आबांचे पाच हजार बघा. रोख खात्याला पाच हजार नावे, माने खात्याला पाच हजार जमा. दोन्ही बाजू समान. संध्याकाळी गल्ला मोजला, तोही बरोबर, कारण पैसे खरोखर आले होते. तेरीज काढली, तीही जुळली. फक्त माणूस चुकला होता. दुहेरी नोंद आकड्यांची चूक पकडते, माणसाची नाही.

पण पाचोलीनं आणखी एक सांगितलं होतं, आणि ते मी शाळेत कधी ऐकलं नव्हतं. तो तीन वह्या ठेवायला सांगतो. पहिली कच्ची, जिच्यात व्यवहार घडताक्षणी, जसा घडला तसा, घरातल्या कुणीही लिहावा. दुसरी रोजकीर्द, जिच्यात तो नीट मांडून नावे-जमा करायचा. तिसरी खतावणी, जिच्यात ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवायचा. कच्च्या वहीचं काम एवढंच की पुढे गोंधळ झाला तर मूळ काय घडलं होतं ते शोधता यावं.

मामींची दोनशे पानी वही म्हणजे तीच. आणि मी बनवलेल्या टूलमध्ये कच्ची वहीच नव्हती. मामांचे शब्द ऐकले, व्हाउचर बनवलं, शब्द फेकून दिले. साठवायची जागा वाचवत होतो म्हणे मी.

आडनावांतली कामाची वाटणी

आता आपल्याकडे येऊ. तुमच्या वर्गात एखादा पोतनीस होता का? किंवा फडणीस, चिटणीस, कारखानीस, मुजुमदार? ही सगळी आडनावं मराठेशाहीतल्या हुद्द्यांवरून आली आहेत. कारभारात जे दरकदार असायचे, म्हणजे ठरलेल्या कामांचे अधिकारी, त्यांत फडणीस हिशेबाचे कागद लिहिणारा आणि पोतनीस रोकड सांभाळणारा. मुजुमदार हिशेब तपासणारा.

इथं जरा थांबा आणि बघा. ज्याच्या हातात पैसे त्याच्या हातात हिशेबाची लेखणी नाही. ज्याच्या हातात लेखणी त्याच्याकडे तिजोरीची किल्ली नाही. आणि दोघांचं काम बघायला तिसरा. आज ऑडिटर ज्याला कामाची विभागणी म्हणतात, ती आपल्याकडे हुद्द्यांमध्येच होती.

पेशव्यांच्या रोजकीर्दी अजून आहेत. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी लिपीतली लाखो कागदपत्रं जपलेली आहेत, आणि त्यातल्या रोजकीर्दींमधून गणेश चिमणाजी वाड यांनी निवडलेले उतारे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अनेक खंडांमध्ये छापले गेले. न्यायमूर्ती रानडे यांनी त्यांवर जो प्रास्ताविक निबंध लिहिला, त्यात त्यांचा मुद्दा असा की लढाया आणि राजांच्या गोष्टींपेक्षा या रोजच्या नोंदींतून लोकांचं जगणं जास्त कळतं. म्हणजे कुणीतरी कंटाळत का होईना, रोज लिहिलं, म्हणून दीडशे वर्षांनी दुसऱ्या कुणाला इतिहास लिहिता आला.

माझ्या टूलमध्ये ही विभागणी उलटी झाली होती. आधी मामी नोट घेत आणि मामा संध्याकाळी नोंद करत. दोन माणसं, दोन डोकी. काही खटकलं तर मामा विचारत, "अगं, कुठले माने?" तो एक प्रश्न हीच तपासणी होती. मी तो प्रश्न वेळेची नासाडी समजून काढून टाकला.

सुप्याचा बाजार, १२ मे १८७५

आता दंगलीकडे. मामांच्या दुकानापासून सुपे फार लांब नाही. आज ते बारामती तालुक्यात येतं, तेव्हा भीमथडी तालुक्यात होतं. १२ मे १८७५ या दिवशी आजूबाजूच्या गावांतले शेतकरी सुप्याच्या बाजारात जमले आणि सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. त्यांना काय हवं होतं? वह्या आणि कर्जरोखे. जे हाती लागलं ते बाजारात जाळलं. काही ठिकाणी धान्याची दुकानं लुटली, घरंही जळली. लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या तीसेक गावांमध्ये पसरलं. पण या उठावाचा रोख मुख्यतः कागदांवर होता, माणसांवर नाही.

आता तुम्हाला प्रश्न पडेल, कागदांवर एवढा राग कशाला?

मागची गोष्ट अशी. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं, तिथला कापूस इंग्लंडला जायचा थांबला, आणि आपल्याकडच्या कापसाला अचानक भाव आला. सावकारांनी हात सैल सोडून कर्ज दिलं. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव पडले, कर्ज आटलं. त्यातच सरकारनं शेतसारा वाढवला. शेतकरी अडकला.

आणि मग नोंदीचा खेळ. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानं कर्जरोखा तीन वर्षांपुरताच वसूल करता येत असे. हेतू चांगला होता, व्याज वर्षानुवर्षं फुगू नये. झालं उलटं. दर तीन वर्षांनी नवा रोखा लिहायचा, जुनं मुद्दल आणि व्याज मिळून नवं मुद्दल, त्यावर पुन्हा व्याज. लिहिणारा सावकार, अंगठा शेतकऱ्याचा. शेतकऱ्यांची सरकारदरबारी एक मोठी तक्रार होती ती ऐका: आम्ही पैसे परत करतो तेव्हा पावती मिळत नाही, आणि रोख्यात भलतेच आकडे घातले जातात.

पैसे दिले, पण पावती नाही. वही एकाच बाजूकडे, आणि ती वाचता येत नाही. हे वाचलं तेव्हा माझ्यासमोर आबा उभे राहिले, स्क्रीनकडे न बघणारे. माझे मामा सावकार नाहीत आणि त्यांनी कुणाला फसवलं नाही. पण आबांच्या बाजूनं बघितलं तर फरक काय होता? त्यांनी रोख दिली, हातात काही मिळालं नाही, आणि तीन महिन्यांनी त्यांना न समजणारी एक वही पुढं करून सांगितलं की तुमची नोंद नाही.

१८७९: दोन उत्तरं, दोन देशांत

सरकारनं दंगलीची चौकशी करायला आयोग नेमला, त्याचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढं गेला, आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. सुरुवातीला तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी होता. त्यात बऱ्याच तरतुदी होत्या, पण आपल्या कामाच्या तीन. शेतकऱ्याचे रोखे गावच्या निबंधकासमोर व्हावेत. शेतकऱ्यानं पैसे दिले की त्याला लेखी पावती द्यायची. आणि त्यानं मागितलं तर हिशेबाचा उतारा किंवा पासबुक द्यायचं.

म्हणजे चार वर्षांपूर्वी लोकांनी वही जाळली, आणि कायद्यानं म्हटलं, वहीची एक प्रत त्यांनाही द्या.

आता गंमत बघा. त्याच वर्षी, १८७९ मध्ये, अमेरिकेत ओहायो राज्यातल्या डेटन गावी जेम्स रिटी नावाच्या बारमालकानं आपल्या भावाबरोबर एका यंत्राचं पेटंट घेतलं. त्याची अडचण उलटी होती. गिऱ्हाईक रोख द्यायचं आणि नोकर ती खिशात घालायचे. असं सांगतात की युरोपला जाताना त्यानं जहाजाच्या पंख्याचे फेरे मोजणारं यंत्र पाहिलं आणि त्याला वाटलं, फेरे मोजता येतात तर विक्री का नाही? त्यातून कॅश रजिस्टर आलं. पहिल्या यंत्राला घड्याळासारखी मोठी तबकडी होती, आकडा दाबला की तिच्यावर रक्कम दिसायची. पुढे जॉन पॅटरसननं १८८४ मध्ये हा धंदा विकत घेऊन नॅशनल कॅश रजिस्टर कंपनी वाढवली. नंतरच्या यंत्रांवर गल्ला उघडला की घंटा वाजायची, आणि कागदाची गुंडाळी आली.

मला यात सगळ्यात हुशारीची गोष्ट ती तबकडी वाटते. ती गिऱ्हाइकालाही दिसायची. नोकरानं कमी आकडा दाबला तर समोरचा म्हणणार, अहो, मी तर जास्त दिलेत. मालक तिथं नसला तरी साक्षीदार उभा असायचा, फुकटात.

एकीकडे बलाढ्य सावकार आणि निरक्षर शेतकरी, दुसरीकडे बारमालक आणि त्याचे नोकर. परिस्थितीत काही साम्य नाही. पण दोन्हीकडे उत्तर एकच निघालं: रोख देणाऱ्याला नोंद त्याच क्षणी दिसली पाहिजे.

वहीचा शब्द शेवटचा नाही

थोडं कायद्याचं, घाबरू नका, एकच कलम. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याचं ३४ वं. त्याचा अर्थ असा: धंद्यात नियमितपणे ठेवलेल्या वहीतल्या नोंदी कोर्टात पुरावा म्हणून बघता येतील, पण एखाद्यावर देणं लादायला नुसत्या त्या नोंदी पुरेशा नाहीत. कायद्यातच उदाहरण दिलंय. एकानं दुसऱ्यावर हजार रुपयांचा दावा लावला आणि आपल्या वहीत तसं लिहिलंय म्हणून दाखवलं. वही बघू, पण दुसरा पुरावा नसेल तर कर्ज सिद्ध होत नाही.

हे कलम पुढे इलेक्ट्रॉनिक वह्यांनाही लागू झालं, आणि १ जुलै २०२४ पासून जुन्या कायद्याच्या जागी जो भारतीय साक्ष्य अधिनियम आला, त्यातही ते आहे. दीडशे वर्षं, वही चामड्याच्या बांधणीची असो की क्लाउडमधली, कायदा म्हणतो की तुझी वही तुझी बाजू आहे, निकाल नाही.

आबांना हे कलम माहीत असायचं काही कारण नाही. पण "तुझं मशीन खरं आन् मी खोटा का" म्हणजे तेच कलम, दौंडच्या भाषेत.

वहीतून स्क्रीनवर

दिवाळीला वहीपूजन अजून होतं. लाल कापडाची लांब वही, हळदकुंकू, पहिल्या पानावर स्वस्तिक. मामा लॅपटॉपवरही हळदकुंकू वाहतात, ते वेगळं. वहीतून कंप्युटरवर येण्यात भारतात सगळ्यात मोठा वाटा टॅलीचा. १९८६ मध्ये बेंगळुरूत श्यामसुंदर गोएंका आणि त्यांचा मुलगा भरत यांनी ते सुरू केलं. वडिलांच्या स्वतःच्या धंद्याला सोयीचं सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून मुलानं लिहायला घेतलं. आज कुठल्याही अकाउंटंटला झोपेतून उठवून विचारा, पेमेंटला एफ पाच आणि पावतीला एफ सहा.

सॉफ्टवेअरनं बेरजा सोडवल्या, खतावणी आपोआप केली. पण कागदी वहीत एक गुण होता तो हरवला. शाईनं लिहिलेलं खोडलं तरी खाली काय होतं ते दिसतं. स्क्रीनवर बदललं की जुनं नाहीसं. म्हणून १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना असंच सॉफ्टवेअर वापरावं लागतं ज्यात प्रत्येक बदलाची नोंद राहते आणि ती बंद करता येत नाही. मामांचं दुकान कंपनी नाही, त्यांना हा नियम लागू नाही. पण कारण त्यांनाही लागू आहे.

रोखीवर नजरही वाढलीय. २०१७ पासून एका दिवसात एका माणसाला दहा हजारांपेक्षा जास्त रोख देऊन केलेला धंद्याचा खर्च आयकराच्या हिशेबात सहसा धरला जात नाही, आणि दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख एका व्यवहारात घेण्यावर बंदी आहे. त्यामुळे नोंद चुकीच्या नावावर किंवा चुकीच्या तारखेला पडली तर प्रश्न फक्त शेजाऱ्याशी भांडणाचा राहत नाही.

आणि आता बोलून नोंद

एआय असिस्टंट नोंद कशी करतो ते दोन ओळींत सांगतो, कारण चूक कुठं शिरते ते त्यातून कळतं. मॉडेल स्वतः सॉफ्टवेअरमध्ये शिरत नाही. आपण त्याला काही टूल देतो: एक खातं शोधायचं, एक रोख जमा लिहायचं, एक बाकी सांगायचं. मॉडेल आपलं बोलणं वाचतं आणि म्हणतं, हे टूल चालवा, त्यात ही तारीख, हे खातं, ही रक्कम भरा. प्रत्यक्ष नोंद आपला प्रोग्राम करतो. अशी जोडणी करायला आता सामायिक पद्धतीही आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रोपिक कंपनीनं मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल नावाची एक खुली पद्धत जाहीर केली, त्यानंतर हे काम माझ्यासारख्यालाही दोन दिवसांत जमण्याइतकं सोपं झालं.

सोपं झालं, इथंच मी फसलो. असिस्टंटनं टेबलावरच्या नोटा पाहिलेल्या नसतात. आबांचा चेहरा पाहिलेला नसतो. त्याच्याकडे चार शब्द असतात आणि "माने" नावाची तीन खाती. आधी पाचोलीच्या घरातला माणूस, पोतनीस, मामी, या सगळ्यांनी नोट हातात घेतलेली असायची. पहिल्यांदाच असं झालंय की नोंद करणाऱ्यानं पैसे पाहिलेच नाहीत, पैसे पाहणाऱ्याकडूनही नीट विचारून घेतलं नाही, आणि तरी नोंद अगदी व्यवस्थित, तारखेसकट, शुद्ध भाषेत दिसते. मामींच्या वहीतली अक्षरं वेडीवाकडी, पण बरोबर. माझी नोंद सुबक, पण चूक.

आणखी एक धोका मला नंतर सापडला. गावात नेट जातं-येतं. उत्तर वेळेत आलं नाही तर माझा प्रोग्राम तीच विनंती पुन्हा पाठवायचा. म्हणजे एकाच पाच हजारांची दोनदा जमा होऊ शकली असती. गल्ला मोजल्यावर ती पकडली गेली असती, पण मामा गल्ला रोज मोजतातच असं नाही.

मग मी काय बदललं? चारच गोष्टी, आणि एकही माझी नाही.

मामांचं मूळ बोलणं आता व्हाउचरसोबत जसंच्या तसं राहतं. ही पाचोलीची कच्ची वही.

एकापेक्षा जास्त खाती सापडली की असिस्टंट थांबतो आणि विचारतो, "कुठले माने? गाव सांगा." नोंद पक्की करायच्या आधी नाव, गाव, रक्कम वाचून दाखवतो. मामा हो म्हणाले तरच पुढे. आणि रात्री मामींची वही आणि सॉफ्टवेअरची रोख बाजू शेजारी ठेवून मिळवायची. ही पोतनीस-फडणिसांची वाटणी.

चुकलेली नोंद पुसायची नाही. उलटी नोंद करून मग बरोबर नोंद करायची, म्हणजे काय झालं होतं ते दिसत राहील. आणि प्रत्येक बोलण्याला एक क्रमांक, तोच क्रमांक पुन्हा आला तर दुसरी नोंद होत नाही.

चौथी गोष्ट पावती. नोंद झाली की गिऱ्हाइकाला लगेच मेसेज जातो, रक्कम आणि राहिलेली बाकी. ही १८७९.

हे सगळं केल्यावर मामांचे रोज दहा-पंधरा मिनिटं जास्त जातात. मी त्यांना दिवाळीत जेवढा वेळ वाचेल म्हटलं होतं, तेवढा वाचत नाही. हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "असू दे रे. वेळ आहे माझ्याकडं. गिऱ्हाईक नाही दुसरं."

मेसेजचा एक प्रश्न मात्र राहिला. आबांकडे बटणांचा फोन आहे आणि त्यांना मेसेज वाचता येत नाही. मी म्हटलं, आवाजात पाठवू का? मामींनी ऐकलं, आत गेल्या आणि जुनं कार्बनचं पावतीपुस्तक घेऊन आल्या. जमा झालेल्या पाच हजारांची पावती फाडली, मागच्या तारखेचा उल्लेख करून, आणि मामांनी सही केली.

आबांनी ती घडी करून बंडीच्या खिशात ठेवली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "हे बरं हाय तुझं नवीन."

मी त्यांना सांगितलं नाही की त्यातलं नवीन काहीच नाही.

तर मंडळी, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या घरात जुनी वही असेल, आजोबांची, आजीची, मोडीतली असली तरी चालेल, एकदा उघडून बघा. आणि कुणाला रोख पैसे दिलेत तर पावती मागायला लाजू नका. भेटू पुढच्या भागात.